बारावा फर्मा

त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. बाकी सगळ्या ग्रंथालयाला ते खळकाका. पुस्तकं चिकटवायला मैद्याची खळ लागते, ती हे गृहस्थ रोज सकाळी स्वतः शिजवायचे आणि कसर लागू नये म्हणून वर चिमूटभर मोरचूद टाकायचे. तयार डिंकाच्या बाटल्या बाजारात येऊन जमाना लोटला, पण काका ऐकतील तर शपथ. "त्या डिंकाचा वास तरी घेऊन बघा," म्हणायचे. आणि आपल्या खळीला जणू अत्तराचा वास येतो अशा थाटात पळी फिरवत बसायचे.

बांधणीची खोली मागच्या जिन्यानं वर गेलं की शेवटची. एक खिडकी, एक लांब टेबल, पुठ्ठ्यांचे ढीग आणि भिंतीला टेकून उभं असलेलं लोखंडी दाबयंत्र. वरचं चाक फिरवलं की पुस्तकं दाबून धरणारं. उजेडासाठी टेबल खिडकीला लावलेलं, त्यामुळे काकांची पाठ कायम दाराकडे. दारात कोण येऊन उभं राहिलंय हे एकतीस वर्षांत त्यांना कधी आपणहून कळलं नाही. येणाऱ्यानं खाकरायचं, अशी पद्धत होती.

आणि मोजणी चालू असेल तर खाकरायचीसुद्धा सोय नव्हती. मोजणी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. फाटकं पुस्तक आलं की आधी ते उसवायचं. जुना दोरा कापायचा, वाळलेली खळ खरवडायची आणि फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे सोळा पृष्ठांची एक घडी. पुस्तक म्हणजे अशा घड्यांची एकावर एक शिवलेली चळत. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी एक बारीक आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याच्या तो बापजन्मात लक्षात येत नाही, पण बांधणाऱ्याची सगळी भिस्त त्या आकड्यावर. काका एकेक फर्मा उचलत, आकडा बघत आणि मोठ्यानं म्हणत, "एक. दोन. तीन." म्हटलेला फर्मा दाबाखाली जायचा. जे दाबाखाली गेलं ते मोजलेलं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. आणि मोजताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, मग तो ग्रंथपाल असो नाहीतर इमारतीला आग लागल्याची खबर आणणारा असो. हा नियम काकांचाच, आणि त्यावर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता.

"माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही," एवढी एकच फुशारकी त्यांनी आयुष्यात मारली. वाचन मात्र शून्य. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही वाचलं नाही. वाचत बसलं तर शिवणार कधी, हा त्यांचा सवाल. याला काय उत्तर देणार, कपाळ?

एकोणीस वर्षांपूर्वी हा नियम पहिल्यांदा मोडला गेला. काका मोजत होते आणि कारकून धापा टाकत दारात आला. "काका, दवाखान्यातून फोन आलाय. असेच चला." हातातला फर्मा तिथंच कुठंतरी टाकून काका चपला न घालता जिना उतरले. ते पोचेपर्यंत बायको गेलेली होती. तीन आठवड्यांनी ते कामावर परत आले, दाबाखालची पुस्तकं काढली आणि मुकाट्यानं शिवायला बसले. त्या दिवसापासून मोजताना कुणी नुसती हाक मारली तरी त्यांना तो दवाखान्याचा फोनच आठवायचा. मग ते असे काही खेकसायचे की हाक मारणाऱ्याची पुन्हा छाती व्हायची नाही.

पदरात दहा वर्षांची मुलगी. अंगानं इतकी किरकोळ की काका तिला 'सुई' म्हणायचे. घरी कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की ती बांधणीच्या खोलीत येऊन टेबलाखाली बसायची, पाठ काकांच्या पायांना टेकवून. बाप वर शिवतोय, पोर खाली वाचतेय. दोघांत दिवसभरात दहा वाक्यं झाली तरी खूप. काकांना वाटायचं, पोर शहाणी आहे, त्रास देत नाही. पोरीला काय वाटायचं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही. वाईट माणूस नव्हता हो, पण दुःखात माणूस आंधळा होतो तसे ते झाले होते.

त्या दिवसांत तिनं वाचलेलं एक पुस्तक म्हणजे बर्फाच्या मुलखातल्या कुत्र्याची गोष्ट. परभाषेतून आपल्या भाषेत आणलेलं, जुनं, काकांनी नुकतंच नव्यानं बांधलेलं. कुत्र्याचं नाव बहाद्दर. रानातल्या एका लाकडी खोपटात म्हाताऱ्या शिकाऱ्याबरोबर राहणारा. एकदा गोठलेली नदी ओलांडताना बर्फ फुटतं, प्रवाह दोघांची ताटातूट करतो आणि बहाद्दर परक्या किनाऱ्याला लागतो. मग लांडगे, उपासमार, पायात घुसलेला काटा, गोठलेल्या हरणाची हाडं आणि दोन हिवाळे. सुईनं ते तीन दिवसांत संपवलं आणि टेबलाखालून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, हा परत घरी गेलाच नाही?"

काकांच्या तोंडात दोरा होता. "पुस्तकात असेल तेवढंच."

"पण शेवटी नुसतं लिहिलंय, 'बर्फ पडू लागलं आणि मागच्या पावलांच्या खुणा बुजून गेल्या.' मग त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"मला काय ठाऊक? मी बांधतो, लिहीत नाही."

पोरीनं डोकं आत घेतलं. त्यानंतर ते पुस्तक तिनं किती वेळा वाचलं याची गणती नाही.

ती एकटीच नव्हे, तो शेवट सगळ्या गावाला चटका लावून गेला. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं वाद रंगले. कुणी लिहिलं, 'शेवट अपुरा वाटतो.' खाली दुसऱ्यानं ठणकावलं, 'अपुरा नाही. आयुष्य असंच असतं.' त्याखाली तिसऱ्यानं, 'दोघेही गप्प बसा, पुस्तक सार्वजनिक आहे.' एका निवृत्त मास्तरांनी तर वाचकांच्या बैठकीत त्या शेवटावर पाऊण तास भाषण ठोकलं. लेखकानं कुत्र्याला घरी न पोचवण्याचं धैर्य दाखवलं म्हणून टाळ्याही पडल्या.

सुई अठराव्या वर्षी नोकरी आणि शिक्षण दोन्ही धरून दूरच्या शहरात गेली. बसमध्ये चढताना काका म्हणाले, "येत जा अधूनमधून." ती हसली. "बाबा, पावलांच्या खुणा बुजल्या तर येणार कशी?" थट्टेतच म्हणाली, पण काकांना ती थट्टा घरी जाईपर्यंत पुरली.

त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ती दोनदा आली, दोन्ही वेळा पाहुण्यासारखी, पिशवी न उघडता. बाकी दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन. जेवलात का? जेवलो. गोळ्या घेता ना? घेतो. तुझं कसं? बरंय. चार मिनिटं. फोन ठेवला की काका पुढचा अर्धा तास त्याच खुर्चीत बसून राहत. घरात दोन खुर्च्या, दोन ताटं, दोन उशा. भाजी दोघांना पुरेल एवढी व्हायची, कारण हाताला दुसरं माप माहीतच नव्हतं. उरलेली सकाळी खायची. शेजारीण म्हणायची, "काका, थोडी कमी करत जा." काका 'हो' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच करायचे.

यंदा वरून हुकूम आला की बांधणीची खोली तीस तारखेला बंद. पुस्तकं यापुढे बाहेर बांधायला जाणार, काका घरी बसणार. त्यांनी कपाळाला आठीसुद्धा पाडली नाही. सामान हलवायला दोन हमाल आले. लोखंडी दाबयंत्र भिंतीपासून सरकवताना त्यांची दमछाक झाली, आणि यंत्रामागून धुळीनं माखलेलं काहीतरी खाली पडलं.

"काका, कागद आहे जुना. टाकू?"

काकांनी फुंकर मारली. सोळा पृष्ठांची घडी. तळाशी आकडा, बारा. वरच्या ओळीत 'बहाद्दर' हा शब्द. चपला न घालता उतरलेला तो जिना त्यांना आठवला. त्या दिवशी ते अकरापर्यंत आले होते. बारावा हातात होता आणि 'बारा' हे तोंडून निघालंच नव्हतं. आणि तीन आठवड्यांनी? दाबाखालचं मोजलेलंच असतं म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं नव्हतं.

तसेच खाली गेले, कपाटातून पुस्तक काढलं, मागून उघडलं. अकरावा फर्मा, आणि पुढे थेट कोरं पान, त्यावर पेन्सिलीतला वाद. अकराव्या फर्म्याची शेवटची ओळ नेमकी पूर्णविरामावर संपली होती. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच. अर्धं वाक्य राहिलं असतं तर पहिल्याच वाचकानं बोंब मारली असती.

ग्रंथपालबाई भल्या होत्या. "जाऊ द्या हो काका, एकोणीस वर्षांत कुणाला कळलं नाही. शिवून टाका म्हणजे झालं."

"माझ्या पोरीनं वाचलंय ते," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फर्मा ताटाशेजारी ठेवला. जेवण गेलंच नाही. एक पान तरी बघू म्हणून चष्मा लावला. 'दुसऱ्या दिवशी बर्फ थांबलं. बहाद्दर उठला, अंग झटकलं आणि पहिल्यांदाच त्याला वाऱ्यात ओळखीचा धूर आला. तो मागे वळला.' काकांनी चट्कन घडी मिटली. मागे वळला! म्हणजे तो घरी गेला होता! आपल्या एका चुकीनं पोरीला नको ते शिकवलं, आणि खरं तर तो गेला होता! पुढचं वाचायचं नाही, त्यांनी ठरवलं. पुढचं तिच्याबरोबर. चूक कबूल करायची म्हणजे जन्मभराची ती एक फुशारकीही जाणार, पण जाऊ दे. ती पानं ऐकून ती येईल, हे त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

रविवारपर्यंतचे पाच दिवस म्हातारा लहान मुलासारखा वागला. तिची गादी उन्हात घातली. तिच्या कपाटातलं स्वतःचं सामान काढलं. शेजारणीनं विचारलं, "कुणी येणार आहे का?" तर म्हणाले, "बघू," आणि कानापर्यंत हसले.

सहाला फोन वाजला. जेवलात का, गोळ्या घेता ना, सगळं झालं.

"सुये, घाईत आहेस का?"

"नाही. का?"

"माझ्या हातून एक चूक झाली होती." आणि त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र, धूळ, बारा आकडा. मग ती म्हणाली, "तुमच्या हातून?" आणि थोड्या वेळानं, "वाचा."

काकांनी फोन पेल्याला टेकवून उभा केला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. अडखळत, श्वास घेत, जोडाक्षरांशी झटापट करत. बहाद्दर नदीकाठानं निघाला. लंगडत होता. ओळखीचा कडा आला, वीज पडून जळालेला देवदार आला. "येतोय बघ," काकांनी मध्येच घातलं. मग टेकडी. टेकडीवरून खोपट दिसलं. काकांनी पान उलटलं आणि बोट ओळीवरच थांबलं.

'खोपटाला कडी होती. धुराड्यातून धूर येत नव्हता.'

ओळखीचा धूर दुसऱ्याच कुणाचा निघाला होता. काकांची नजर घाबरून पुढे धावली. कुत्रा दार ओरबाडतो, कुणी उघडत नाही. तो उंबऱ्याशी अंग मुडपून पडतो. पहिला दिवस, दुसरा दिवस. हे वाचायचं? हे ऐकून ती येणार? इथंच थांबावं, 'आणि म्हाताऱ्यानं दार उघडलं' असं काहीतरी आपल्या मनचं म्हणून टाकावं. तिला कुठं दिसतंय? कोण विचारणार आहे?

"बाबा? थांबलात का?"

एकदा पान गाळलं ते न कळत. आता गाळलं तर ते कळून-सवरून. काकांनी चष्मा पुसला आणि होतं तेच वाचलं. तिसऱ्या दिवशी बहाद्दर उठला. दाराकडे एकदा बघितलं आणि रानात निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. वसंतात म्हातारा परत आला. कुत्र्याला शोधत सगळा हिवाळा नदीच्या खालच्या अंगाला भटकत होता. उंबऱ्याशी वाळलेल्या गवतात एक खोलगट जागा झाली होती, तिच्यात राखी केस अडकले होते. म्हाताऱ्यानं तिच्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच बसला. समाप्त.

बाहेर दिवेलागण झाली होती. काकांना वाटलं, सगळं संपलं, आपणच आपल्या हातानं दोर कापला.

"म्हणजे तो आला होता," ती म्हणाली.

"हो. आला होता."

"मी पण आले होते, बाबा."

काकांना कळेना. "कधी?"

"पहिल्याच वर्षी. मला तिथं करमत नव्हतं. न कळवता आले. घराला कुलूप होतं, म्हणून ग्रंथालयात आले, जिना चढून वर. तुमची पाठ दाराकडे. तुम्ही मोजत होता."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मोजताना बोलायचं नाही ना."

काकांनी विचारलं, "किती वेळ उभी होतीस?"

"तीन पुस्तकं. एक संपलं की तुम्ही लगेच दुसरं घ्यायचात. मला वाटलं, आता बघतील, आता बघतील. मग परतीच्या बसची वेळ झाली."

त्या वर्षी घरी जावंसं वाटत नव्हतं म्हणून काका अंधार पडेपर्यंत तिथंच मोजत बसायचे. रिकामं घर नको म्हणून. आणि घर पाठीशी येऊन उभं होतं. त्यांना हुंदका आवरला नाही. पोरीसमोर ते पहिल्यांदा रडले, तिची आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते.

"सुये, मधेच बोलायचं होतंस गं. चुकली असती मोजणी तर चुकली असती."

"तुम्ही खेकसला असता."

"खेकसलो असतो. मग तोंड बघितलं असतं ना तुझं."

ती पण नाक ओढत होती. फोन कुणी ठेवला नाही. मग तिनं विचारलं, "खोली कधी बंद होतेय?"

"तीस तारखेला. शनिवारी."

"बघते. दुपारची बस मिळाली तर येते. नाहीच आले तर तो फर्मा शिवून टाका."

'बघते' या शब्दाचा काकांना अकरा वर्षांचा अनुभव होता. त्यांनी जास्त ताणलं नाही.

शनिवारी खोलीत टेबल तेवढं उरलं होतं. काकांनी ते फरफटत फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराकडे तोंड करून बसले. उजेड पाठीमागून येत होता, आकडे नीट दिसत नव्हते. बहाद्दरचं पुस्तक उसवून समोर ठेवलेलं. "एक," म्हणाले आणि थांबले, दाराकडे बघितलं. "दोन." पुन्हा थांबले. असे बारापर्यंत आले. दारात कुणी नव्हतं.

सुई-दोरा शेजारीच होता. काकांनी तो उचलला नाही. चळत पुन्हा सारखी केली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली. खालून कारकुनानं कुलूप-किल्ल्या वाजवल्या. दुसऱ्यांदा बारा झाले. दुपारची बस येऊन गेली असणार. काकांनी चळत तिसऱ्यांदा समोर ओढली. पोर तीन पुस्तकं होईपर्यंत दारात उभी राहिली होती, मग आपणही तीन तर तीन.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा."

मागच्या जिन्यावर पावलं वाजली. कारकून किल्ल्या घेऊन येत असेल, किंवा आणखी कुणी. काकांनी मान वर केली. सात म्हणायचं की आठ, ते त्यांच्या पार डोक्यातून गेलं.